मागच्या अ‍ॅक्सलचा आकडा : प्रस्तावना

महाड औद्योगिक वसाहतीतून माल भरून निघालेली पिकअप मुंबईकडे वळली, तर माणगाव, कोलाड, नागोठणे, पेण असा बराचसा सपाट रस्ता तिच्या वाट्याला येतो. मध्ये सुकेळीची खिंड तेवढी लागते. तीच गाडी दक्षिणेला वळली, की पोलादपूर मागे पडताच कशेडीचा चढ येतो. पुढे खेड ओलांडले की भोस्ते घाट, आणि मगच लोटे परशुरामची दुसरी औद्योगिक वसाहत. पूर्वेला जायचे तर पोलादपूरहून आंबेनळी घाटाने प्रतापगडाजवळून महाबळेश्वर, नाहीतर महाडहून वरंध घाटाने भोर. कशेडीच्या पोटातून आता बोगदा गेला आहे. तरीही महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत मालवाहू गाडी चालवणाऱ्याची कमाई अजून चढ-उतारांवरच ठरते.

अशा मुलखात गाडी किती ओढेल, कोणत्या गिअरमध्ये चढेल, उतारावर इंजिन तिला किती धरून ठेवील आणि सपाटीला डिझेल किती पिईल, हे ठरवणाऱ्या गोष्टींत मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो बराच वर येतो. प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे झाले की मागच्या चाकांचा एक फेरा पुरा होतो, एवढेच हा आकडा सांगतो. ४.१० म्हणजे शाफ्टचे चार पूर्ण फेरे आणि वर एकदशांश. आकडा मोठा असेल तर ओढ जास्त आणि वेग कमी. आकडा लहान असेल तर त्याच वेगाला इंजिन सावकाश फिरते, पण चढाला दम कमी पडतो.

नव्या गाडीचा हा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात सापडतो. पंधरा-वीस वर्षे घाटात राबलेल्या, तीन-चार मालकांच्या हातून गेलेल्या गाडीचे तसे नसते. कधी क्राऊन-पिनियन तुटून दुसरे बसलेले असते, कधी अख्खे हाऊसिंग दुसऱ्या गाडीचे असते. जुन्या मालकाला ते आठवत नाही, नव्याला कोणी सांगत नाही. म्हणून या पुस्तिकेचे सांगणे एकच आहे : जुन्या पिकअपचा रेशो कोणाच्या शब्दावर किंवा छापील कागदावर मान्य करू नये, अ‍ॅक्सलवरच मोजून घ्यावा. त्यासाठी मोठे वर्कशॉप लागत नाही. जॅक, दोन स्टँड, खडू आणि मोजताना न चुकणारा माणूस, एवढ्यावर काम होते.

हा आकडा येतो कुठून, ते आधी पाहू. प्रोपेलर शाफ्टच्या मागच्या टोकाला, डिफरन्शियलच्या पोटात, एक लहान दातेरी पिनियन असते. ते काटकोनात एका मोठ्या दातेरी कड्याला भिडते; तो क्राऊन. क्राऊनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागले की रेशो निघतो. ४१ दात्यांचा क्राऊन आणि १० दात्यांचे पिनियन म्हणजे ४.१०. तोच ४१ चा क्राऊन ११ दात्यांच्या पिनियनबरोबर ३.७३ देतो आणि ९ दात्यांच्या पिनियनबरोबर ४.५६. ३९ आणि ८ म्हणजे ४.८८, ४३ आणि ८ म्हणजे ५.३८.

या यादीत सरळ ४ किंवा ५ का नाही, असा प्रश्न शिकाऊ पोराला पडतो आणि तो पडायलाच हवा. समजा क्राऊनला ४० दाते आहेत आणि पिनियनला १०. मग पिनियनचा प्रत्येक दाता आयुष्यभर क्राऊनच्या त्याच चार दात्यांवर आदळत राहील. एका दात्यावर बारीकसा दोष असला तरी तो त्या चारांनाच खात बसेल. क्राऊनला ४१ दाते दिले की हिशेब बदलतो. ४१ ही मूळ संख्या. १० ला आणि तिला सामाईक भाजक नाही. त्यामुळे एकदा भिडलेली दात्यांची जोडी पुन्हा समोरासमोर यायला पिनियनचे ४१ फेरे आणि क्राऊनचे १० फेरे व्हावे लागतात. दरम्यान पिनियनचा प्रत्येक दाता क्राऊनच्या प्रत्येक दात्याला भेटून येतो आणि झीज सगळीकडे सारखी पसरते. ४१ आणि ४३ हे आकडे क्राऊनवर वारंवार दिसतात, ते यामुळे.

रेशोतला थोडासा फरक रस्त्यावर केवढा होतो, ते वसाहतीतल्याच मालावरून ताडता येईल. रसायनाने भरलेला दोनशे लिटरचा ड्रम, रसायन पाण्याइतके जड धरले तर, दोनशे किलोच्या वर जातो. असे पाच-सहा ड्रम चढवले की सव्वा टन माल झाला. माल, गाडी आणि माणसे मिळून एकूण वजन २.८ टन धरू. या गाडीला आधी ४.१० चा अ‍ॅक्सल होता आणि तो बदलून ३.७३ चा बसला, तर त्याच इंजिनची, त्याच गिअरमधली, चाकापाशी पोहोचणारी ओढ नऊ टक्क्यांनी घटते. चढावर इंजिनला ती गाडी २.८ ऐवजी जवळपास ३.१ टनांची भासते. म्हणजे हौद्यात न दिसणारा एक भरलेला ड्रम आणि वर आणखी सत्तर-ऐंशी किलो कायमचे लादले गेले. पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये सुटणारे वळण मग दुसऱ्यात काढावे लागते, क्लच तापतो, इंजिनचे पाणी तापते, आणि दोष पंपाला नाहीतर नोझलला दिला जातो.

उतारावर हाच हिशेब उलट दिशेने चालतो. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना सुमारे चाळीस किलोमीटरांत गाडी १,२०० मीटरपेक्षा जास्त खाली येते. त्या उतारावर जाणता चालक गाडी गिअरमध्ये ठेवतो आणि इंजिनला तिला धरू देतो. ब्रेक अधूनमधून लावतो. इंजिनची ही पकडसुद्धा रेशोच्या प्रमाणातच चाकापर्यंत पोहोचते. लहान आकड्याच्या अ‍ॅक्सलवर ती ढिली होते आणि उरलेला भार ब्रेकच्या लायनरवर पडतो. त्या चालकाला आपला अ‍ॅक्सल कोणता हे ठाऊक असेल, तर तो एक गिअर खाली टाकूनच उतरायला सुरुवात करील.

मोटारगाडीच्या डिफरन्शियलची कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेक्योर या घड्याळजीने १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी ती मांडली. वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापते. दोन्ही चाकांना ओढ मिळावी आणि तरीही त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरता यावे, हा तिचा उद्देश. क्राऊन-पिनियनच्या दात्यांत मोठा बदल झाला तो १९२५ च्या सुमारास. अमेरिकेतल्या ग्लिसन कंपनीने हायपॉइड दाते कापणारी पद्धत आणली आणि पुढच्याच वर्षी पॅकार्ड मोटारींत ती दिसली. हायपॉइडमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली सरकवलेले असते. दात्यांची पकड वाढते, शाफ्ट खाली जातो, आवाज कमी होतो. मात्र दाते एकमेकांवर घसरत फिरतात, त्यामुळे त्यांना साधे वंगण पुरत नाही. गॅरेजमध्ये ज्याला सरसकट 'नव्वद नंबर' म्हणतात त्या गिअर ऑइलमध्येही हायपॉइडसाठीचे, जीएल-५ प्रतीचे, वेगळे असते. डब्यावर ते वाचूनच घ्यावे लागते.

आपल्याकडे रेशोची गल्लत जुनी आहे आणि तिचे मूळ जीपमध्ये सापडते. महिंद्रने १९४७ पासून विलिज जीप भारतात जोडायला घेतल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी विलिज एमबी जीपचा अ‍ॅक्सल ४.८८ चा होता. त्यानंतरच्या नागरी जीपना, १९५३ मध्ये आलेल्या सीजे-३बी सकट, ५.३८ चा अ‍ॅक्सल होता. सीजे-३बी चे महिंद्र रूप पुढे कित्येक दशके इथल्या रस्त्यांवर राहिले. बाहेरून सारखे दिसणारे दोन अ‍ॅक्सल, रेशोत दहा टक्क्यांचा फरक. लष्कराच्या लिलावातले सामान आणि नागरी जीपचे सामान एकाच गॅरेजात एकत्र आले, की पुढचे मागच्याला जुळेनासे होई.

पुढे मालवाहू गाड्यांची संख्या वाढली आणि प्रकारही. पुण्याच्या टेल्कोने १९८६ मध्ये ४०७ आणली आणि १९८८ मध्ये टाटामोबाईल. याच घराण्यातली २०७ पुढे सगळीकडे दिसू लागली. महिंद्रची बोलेरो २००० साली आली आणि तिच्या पिकअपने गावोगावच्या वाहतुकीचा मोठा भाग उचलला. २००५ मध्ये टाटा एस आली आणि महाराष्ट्रभर 'छोटा हत्ती' म्हणून रुळली. एकाच नावाची गाडी वर्षानुवर्षे बनत राहते, तेव्हा इंजिन बदलते, गिअरबॉक्स चारचा पाच होतो, टायरचा आकार बदलतो आणि त्यांच्याबरोबर रेशोही बदलू शकतो. म्हणून नुसते गाडीचे नाव सांगून क्राऊन-पिनियन मागणे धोक्याचे. दुकानदार विचारतो, 'कितीचा?' त्याला उत्तर हवे असते ते दात्यांचे : दहा-एकेचाळीस, की नऊ-एकेचाळीस.

अमेरिकेत हा आकडा शोधणे सोपे केलेले आहे. जनरल मोटर्सच्या पिकअपमध्ये बऱ्याच वर्षांच्या गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या आत कोडची एक पट्टी असते; तिच्यावर जीटी४ असेल तर ३.७३, जीटी५ असेल तर ४.१०. फोर्डच्या दाराच्या चौकटीवर अ‍ॅक्सलचा कोड असतो. शिवाय डिफरन्शियलच्या झाकणाच्या बोल्टखाली पत्र्याची बारीक पट्टी असते. तिच्यावर '३ एल ७३' लिहिले असेल तर रेशो ३.७३ आणि डिफरन्शियल लिमिटेड स्लिप प्रकारचे. तिथेही जाणकार ही पट्टी पुरावा मानत नाहीत. झाकण उघडताना पट्टी काढली जाते, परत लावायची राहते, किंवा दुसऱ्याच अ‍ॅक्सलवर लागते.

महाड-पोलादपुरात तर पट्टी राहण्याची आशाच धरू नये. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच डोंगरातून सावित्री पोलादपूर-महाडकडे उतरते. चार महिने चिखल, उरलेले महिने जांभ्याची धूळ. अशा दहा पावसाळ्यांनंतर हाऊसिंगवर गंज आणि ग्रीसचा थर एवढा चढतो, की खाली काही कोरलेले आहे की नाही हे तारेच्या ब्रशने घासल्याशिवाय कळत नाही.

घासून जे आकडे दिसतील, त्यांच्याशीही जपून वागावे. जीपच्या डाना अ‍ॅक्सलच्या बीडावर '४४' असे उठावदार अंक दिसतात. तो अ‍ॅक्सलच्या मालिकेचा क्रमांक आहे, रेशोशी त्याचा संबंध नाही. बीडावरचे लांबलचक अंक ओतकामाचे असतात. पिनियनच्या तोंडावर विजेच्या पेन्सिलीने कोरलेला अधिक दोन किंवा उणे तीन असा आकडा पिनियन किती आत-बाहेर बसवायचे ते सांगतो. तिथेच आणखी एक क्रमांक असतो आणि तोच क्राऊनवरही असतो. तो जोडीचा क्रमांक. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, म्हणून ते जोडीनेच विकले जातात आणि जोडीनेच बदलावे लागतात. ठाण्याजवळ मुंब्र्यात भारत गिअर्ससारखा कारखाना हे दाते कापतो. तिथे घेतलेली मेहनत गॅरेजात अर्धा सेट बदलून वाया घालवता येत नाही. नेमका रेशो सांगणारी नोंद बहुधा क्राऊनच्या कडेला असते : '४१-१०' किंवा '१०-४१'. ती दिसली तर काम अर्ध्यावर आले, आणि मोजून ती खरी निघाली की पुरे झाले.

मोजायचे कसे, ते आता जवळून पाहू.

गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्यायची. चढावर किंवा भुसभुशीत मातीवर हे काम करायचे नाही. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावायचे. मागच्या अ‍ॅक्सलची एकच बाजू जॅकने उचलून तिच्याखाली स्टँड लावायचा; एकच का, ते पुढे येते. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरून आजवर जितकी माणसे दगावली आहेत, त्यांच्यात भर पडायला नको. इंजिन बंद, चावी खिशात, गिअर न्यूट्रल. हँडब्रेक सोडावा लागतो, कारण पिकअपमध्ये तो बहुतेक मागच्या चाकांवरच असतो. जुन्या जीपमध्ये तो ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवरच असतो, म्हणून तिथेही सोडायलाच हवा. ठोकळ्यांचे महत्त्व इथे कळते : हँडब्रेक सुटला आणि गिअर न्यूट्रल झाला, की गाडीला धरून ठेवणारे दुसरे काही उरत नाही.

आता खडू. पिनियनच्या फ्लँजवर एक ठळक रेघ आणि तिच्यासमोर हाऊसिंगवर दुसरी. टायरच्या बाजूवर एक रेघ आणि तिच्यासमोर मडगार्डवर किंवा हौद्यावर चौथी. एक जण चाकाशी बसतो, दुसरा शाफ्टशी. पहिला चाक सावकाश, एकाच दिशेने फिरवतो. सुरुवातीला काही अंश शाफ्ट हलतच नाही. क्राऊन-पिनियनमधले, शाफ्टच्या क्रॉसमधले आणि स्प्लाइनमधले खेळते अंतर आधी भरून निघते. ते भरले, शाफ्ट हलू लागला, की थांबून रेघा तिथे पुन्हा जुळवायच्या आणि मोजणी शून्यापासून सुरू करायची.

इथे बहुतेकांची एक चूक होते आणि ती समजून घेण्यासारखी आहे. साध्या डिफरन्शियलमध्ये क्राऊनचा वेग हा दोन्ही चाकांच्या वेगांची सरासरी असतो. दोन्ही चाके उचललेली असली आणि एक फिरवले, तर दुसरे उलटे फिरू लागते. क्राऊन जागचा हलत नाही आणि शाफ्टही नाही. म्हणून एकच बाजू उचलावी, दुसरे चाक जमिनीवर ठेवून ठोकळ्यांनी जखडावे. मग मोकळ्या चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक फेरा. हे न कळता चाकाचा एकच फेरा मोजणाऱ्याला शाफ्टचे दोन फेरे आणि थोडे वर मिळतात. तो म्हणतो, रेशो दोनचा आहे. पिकअपला दोनचा रेशो नसतो. मोकळे चाक दोनदा फिरवले की खरा आकडा समोर येतो. डिफरन्शियल लिमिटेड स्लिपचे असेल, तर दोन्ही चाके उचलल्यावर ती एकाच दिशेने फिरतात. तेव्हा चाकाचा एक फेरा हाच क्राऊनचा एक फेरा.

पण दोन फेऱ्यांवर समाधान मानू नये. शाफ्टचे चार फेरे आणि वर थोडे, हे 'थोडे' एकदशांश की तीनदशांश, हे गाडीखाली आडवे पडून नजरेने ठरत नाही, आणि ४.१० की ४.३० हा प्रश्न नेमका त्या 'थोड्या'तच आहे. मोकळे चाक वीस वेळा फिरवावे, म्हणजे क्राऊनचे दहा फेरे. आता ४.१० चा अ‍ॅक्सल शाफ्टचे ४१ फेरे दाखवील, ४.३० चा ४३, ३.७३ चा ३७ आणि वर थोडे, ४.५६ चा साडेपंचेचाळीस. गफलतीला जागा राहत नाही. चाकाशी बसलेल्याने प्रत्येक फेऱ्याला मोठ्याने आकडा म्हणावा, शाफ्टशी बसलेल्याने आपले मनात मोजावे आणि प्रत्येक दहाला हाऊसिंगवर खडूची रेघ मारावी. 'उस्ताद, बत्तीस झाले की तेहतीस?' असा प्रश्न मध्येच आला, तर अंदाज न बांधता पुन्हा शून्यावर यावे. वीस फेऱ्यांना पाच मिनिटेही लागत नाहीत. चुकीच्या सेटसाठी मुंबईची फेरी पडली तर अख्खा दिवस जातो.

अ‍ॅक्सल उघडलेलाच असेल, तर दाते मोजणे सर्वांत खात्रीचे. जीपसारख्या अ‍ॅक्सलला मागे झाकण असते. ते काढले की क्राऊन समोर दिसतो. अनेक मालवाहू गाड्यांत मात्र हाऊसिंग मागून बंद असते आणि क्राऊन-पिनियनचा सगळा गोळा पुढून, दोन्ही हाफ शाफ्ट बाहेर ओढल्यावर निघतो. केवळ मोजण्यासाठी एवढे करू नये. पण बेअरिंग किंवा सीलच्या कामासाठी तो निघालाच असेल, तर दाते मोजल्याशिवाय परत बसवू नये. एका दात्यावर रंगाचा ठिपका द्यावा आणि तिथपासून पुन्हा तिथपर्यंत मोजावे. पिनियनचे आठ-दहा दाते बोटाने मोजता येतात. क्राऊन दोनदा मोजावा.

तिसरी पद्धत रस्त्यावरची. भरलेल्या गाडीचा टायर एका पूर्ण फेऱ्यात किती अंतर कापतो ते टेपने मोजायचे. समजा २.१५ मीटर आले. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,००० मीटर, म्हणजे चाकाचे मिनिटाला ४६५ फेरे. चौथा गिअर थेट, एकास एक असेल, तर ४.१० च्या अ‍ॅक्सलवर इंजिन सुमारे १,९०० फेरे घेईल, ३.७३ वर १,७३५ आणि ४.५६ वर २,१२०. वेग मोबाइलच्या जीपीएसवरून घ्यावा. ही पद्धत पडताळणीपुरती ठीक आहे. पुष्कळ जुन्या पिकअपना इंजिनचे फेरे दाखवणारे मीटरच नसते, आणि क्लच घसरत असेल तर हिशेब तिथेच बिघडतो.

स्पीडोमीटर या कामी का चालत नाही, त्याचे कारण मालकाच्या खिशाशी जोडलेले आहे. जुन्या पिकअपमध्ये स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून निघते. ती शाफ्टचे फेरे मोजते आणि विशिष्ट रेशो गृहीत धरून वेग दाखवते. अ‍ॅक्सल ४.१० चा ४.५६ झाला, तर मीटर ताशी ६० दाखवते तेव्हा गाडी प्रत्यक्षात ५४ ने जात असते. किलोमीटरही तसेच फुगतात : शंभर चालल्यावर १११ नोंदले जातात. डिझेलचा हिशेब त्या नोंदीवर केला की गाडीचे अ‍ॅव्हरेज सुधारल्यासारखे वाटते, ऑइल बदलायची वेळ लवकर आल्यासारखी दिसते आणि भाडे किलोमीटरवर असेल तर गिऱ्हाइकाशी वाद होतो.

चारही चाकांना ओढ असलेल्या जीपमध्ये चूक याहून महाग पडते. पुढचा अ‍ॅक्सल ४.८८ चा आणि मागचा ५.३८ चा असेल, तर फोर-व्हील लावल्यावर दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरतात आणि चाके मात्र दहा टक्के वेगळ्या वेगाने फिरू पाहतात. चिखलात टायर घसरून तो फरक खपून जातो. कोरड्या डांबरावर तो ताण शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये आणि ट्रान्सफर केसमध्ये साठत जातो, लिव्हर अडकतो आणि शेवटी काहीतरी तुटते. म्हणून अशा गाडीत पुढचा आणि मागचा, दोन्ही अ‍ॅक्सल मोजल्याशिवाय फोर-व्हीलचा लिव्हर ओढू नये.

या भागात अ‍ॅक्सल बदलले जाण्याला आणखी एक कारण आहे आणि ते पाण्याचे आहे. जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारीचा पूर महाडच्या बाजारपेठेत शिरला. त्याच पावसात तळिये गावावर दरड कोसळली. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचे इंजिन आणि वायरिंग सगळे तपासतात, अ‍ॅक्सलकडे लक्ष शेवटी जाते. अ‍ॅक्सलच्या हाऊसिंगला हवा जाण्या-येण्यासाठी ब्रीदर असतो. चालून गरम झालेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा ड्रेन प्लग हलकेच सैल केला, तर ऑइलच्या आधी पाणी येते, कारण ते जड असल्याने तळाला बसलेले असते. गाडी तशीच चालवली तर ऑइल दुधाळ होते, बेअरिंगवर गंज धरतो आणि काही महिन्यांनी गुरगुर ऐकू येऊ लागते. तेव्हा धंदा थांबू नये म्हणून कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारातून किंवा कुठल्या अपघातग्रस्त गाडीतून जे हाऊसिंग मिळेल ते बसवले जाऊ शकते. अशी गाडी पुढे विकली गेली, तर आरसी बुकावरून ते कळायला मार्ग नाही.

म्हणून जुनी पिकअप घेतानाच रेशो मोजावा, हा आग्रह. पुण्या-साताऱ्याच्या सपाटीवर चाललेली गाडी पोलादपूरच्या चढाला आणण्याआधी तिचा अ‍ॅक्सल कोणता हे कळले, तर भाव करता येतो आणि लागणारा खर्च आधी धरता येतो. लहान आकड्याचा अ‍ॅक्सल वाईट असतो असे मुळीच नाही. महाड ते पनवेल रोज फेरी मारणाऱ्याला तोच परवडेल. महाडहून लोट्याला ड्रम नेणाऱ्याने मोठा आकडा धरावा. टायरचा आकारही या हिशेबात घ्यावा, कारण मोठा टायर घातला की रेशोचा आकडा तोच राहूनही चाकापाशी ओढ कमी होते.

पुस्तिकेची मांडणी कामाच्या क्रमाने आहे. पहिल्या प्रकरणात गाडी सुरक्षित उचलणे आणि खडूने मोजणे चित्रांसह दिले आहे. ज्याला तेवढेच हवे त्याने तिथे थांबायला हरकत नाही. दुसऱ्यात दात्यांच्या जोड्यांचा तक्ता आहे, म्हणजे मोजून आलेला आकडा जवळच्या खऱ्या रेशोशी ताडता येईल. तिसरे प्रकरण हाऊसिंगवरच्या आणि दात्यांवरच्या खुणांचे. चौथे नवा सेट बसवताना घ्यायच्या काळजीचे : दात्यांमधले अंतर, पिनियनची खोली, रंग लावून दात्यांवरचा ठसा पाहणे. हे काम अनुभवी मिस्त्रीचेच आहे, पण मालकाला त्यातले कळत असेल तर ठसा पाहिला का, हे तो विचारू शकतो. शेवटचे प्रकरण पुरात बुडालेल्या अ‍ॅक्सलचे.

मोजणी झाली की एक काम वाचकाने त्याच दिवशी करावे. चालकाच्या दाराच्या आतल्या पत्र्यावर ऑइल पेंटने चार गोष्टी लिहाव्यात : क्राऊन आणि पिनियनचे दाते किंवा मोजून आलेला रेशो, टायरचा आकार, मीटरवरचे किलोमीटर आणि तारीख. अ‍ॅक्सल बदलला तर जुनी नोंद खोडून नवी लिहावी, आणि गाडी विकताना ती घेणाऱ्याला दाखवावी.